दोन बॅटऱ्यांची जीप

एप्रिल लागला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं आणि उठल्यावर कुठं जायचं ते सुचत नाही. यंदा घरात मुलीची परीक्षा आहे. ती आपली दार लावून निवांत वाचत असते आणि मी बाहेर येरझाऱ्या घालत असतो. परवा तिनं दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, परीक्षा माझी आहे का तुमची?"

"तुझीच."

"मग बसा ना एका जागी. चपलांचा आवाज येतोय."

मी चपला काढल्या आणि अनवाणी फिरायला लागलो.

तेवढ्यात वीज गेली. आता आमच्या इमारतीत वीज जाते म्हणजे पंखा जरा मंदावतो, खाली जनरेटर घरघरतो आणि पुन्हा सगळं चालू होतं. मुलीला ते कळतही नाही. मला मात्र त्या एवढ्याशा अंधारात तापलेल्या पत्र्याचा वास येतो, चिंचेचा वास येतो, आणि बॅटरीच्या आम्लाचा तो घशाला खवखवणारा वास येतो. मग मुलगी तिच्या खोलीत असते आणि मी अंबरपेठेतल्या आमच्या खोलीत.

हैदराबादच्या अंबरपेठेत याकूबभाईंच्या गॅरेजच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. आमच्या म्हणजे दादाच्या. दादा माझा थोरला भाऊ, माधव. आम्ही देगलूरचे. वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे, आई तिथंच सरकी वेचायला जायची. दादानं सातवीत शाळा सोडली, हैदराबाद गाठलं, आधी लॉरीवर क्लीनर झाला आणि मग बेगम बाजारातल्या एका मिरचीच्या सेठकडं टेम्पोचा ड्रायव्हर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून बरे गुण घेऊन निघालो तेव्हा तोच मला इथं घेऊन आला. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात नाव घालताना फाटकापर्यंत आला आणि तिथंच थांबला. म्हणाला, "आत तू जा. माझ्या शर्टाला मिरची हाय, तुझे मास्तर शिंकतील."

खरंच शिंकले असते. दादा घरी आला की पहिली शिंक मला यायची, मग वैनींना. वैनी म्हणजे दादाची बायको, सुनंदावैनी. त्या त्याला अंगणातच शर्ट काढायला लावायच्या. दोन खोल्यांतली पुढची, खिडकीची खोली माझ्या अभ्यासाला होती. मागच्या खोलीत चूल, भांडी, कपडे आणि ते दोघं. मला टेबल होतं. त्या घरात टेबल असलेला मी एकटाच. उपकार हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही, पण तो माझ्या मानेवर बसलेला असायचा आणि मान अवघडायची. वाचता वाचता मी उगाच उठायचो, पाणी भरू का म्हणून विचारायचो. वैनी म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही बसा हो. तुम्ही उठलात की आम्हालाच भीती वाटते."

शहराचंही त्या काळात माझ्यासारखंच झालं होतं. बाहेरचा माल आणि बाहेरच्या कंपन्या नव्यानं येऊ लागल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर टेलिफोनचे पिवळे बूथ उभे राहत होते, गच्च्यांवरून केबलच्या तारा या घरातून त्या घरात चालल्या होत्या. जिथं बघावं तिथं रस्ता खणलेला. काल ज्या दुकानात कंदिलाच्या वाती मिळायच्या तिथं आज कॅल्क्युलेटर टांगलेले दिसायचे. सगळे कुठंतरी निघाले होते. कुठं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण आपण मागं राहू ही भीती सगळ्यांना होती. दादालाही. टेम्पो चालवून आला की तो अंगणातल्या जीपकडं बघत उभा राहायचा.

ती जीप फौजेतून बाद झालेली. सिकंदराबादला असल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, तिथून दादानं आणलेली. आली तेव्हा तिला रंग नव्हता, आसनं नव्हती. याकूबभाईंनी आणि त्यानं मिळून ती उभी केली. याकूबभाई आमचे घरमालक आणि मिस्त्रीही. बोलणं फटकळ आणि हात मायेचा. रविवारी ती जीप लहानसहान कामाला जायची, एरवी चिंचेखाली उभी असायची. दादाचं एकच स्वप्न होतं: तिला रोजचं काम मिळावं आणि आपण सेठचा टेम्पो सोडावा. "साठीपर्यंत दुसऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजवायचा नाही मला," असं तो म्हणायचा. तो फार बोलणारा माणूस नव्हता. हे वाक्य मात्र पुनःपुन्हा बोलायचा.

फौजी गाडीची एक गंमत असते. साध्या मोटारीला बारा व्होल्टची एक बॅटरी असते. हिला दोन असतात, एकीला दुसरी जोडलेली, दोघी मिळून चोवीस. बाजारात मिळणारे बहुतेक दिवे मात्र बाराचे. मग लोक काय करतात, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढतात आणि एकाच बॅटरीवर आपलं काम भागवतात. टेपरेकॉर्डर असो, पंखा असो. दादानंही तेच केलं होतं, पण टेपरेकॉर्डरसाठी नाही. उन्हाळ्यात वीज रोज जायची. मी कंदिलावर वाचायचो, डोळ्यांतून पाणी यायचं. एक दिवस तो कामावरून आला, शर्ट काढला आणि जीपच्या एका बॅटरीवरून एक लाल आणि एक काळी तार माझ्या खिडकीतून आत ओढून घेतली. त्यांना बारा व्होल्टचा छोटा बल्ब लावून माझ्या टेबलावर टांगला. म्हणाला, "आजच्यापुरतं. पुढं बघू काहीतरी." तो दिवा तिथंच राहिला. वीज गेली की अख्ख्या गल्लीत माझीच खिडकी उजेडात. चुलीपाशी वैनींचा कंदील.

मी शेवटच्या वर्षाला होतो, पास झालो की पुण्याला नोकरी ठरलेली. परीक्षा तोंडावर होती. त्याच सुमारास याकूबभाईंनी बातमी आणली. टेलिफोनची मोठी केबल घालायची म्हणून एक बाहेरची कंपनी विकाराबादच्या बाजूच्या माळांची आणि खडकांची पाहणी करणार होती. त्यांना जीपा हव्या होत्या, ड्रायव्हरसकट, निदान वर्षभरासाठी. वाटा नसलेल्या जागी जायचं, संध्याकाळ उलटल्यावर परतायचं, म्हणून पुढं जादा दिव्यांची जोडी हवी ही अट. उप्पलच्या पुढच्या मैदानात एका संध्याकाळी साहेब येऊन गाड्या बघणार होते.

दुसऱ्याच दिवशी दादा खोकं घेऊन आला. आत दोन दिवे. पिवळी काच, भोवती चकचकीत कडं. त्यानं ते खाटेवर ठेवले आणि आम्ही तिघं त्यांच्याकडं नव्या बाळाकडं बघावं तसे बघत बसलो. वैनींनी पदरानं काच पुसली. मी मागचा शिक्का वाचला. बारा व्होल्ट.

"दादा, हे बाराचे आहेत."

"मग काय झालं? तुझा दिवा बी बाराचाच हाय की. तिथूनच तार घ्यायची."

याकूबभाई दारात उभे होते. म्हणाले, "अरे माधव भाई, तुमारा भाई बिजली का डॉक्टर बन रा. जरा नब्ज तो देखने देओ उसकू."

म्हणून मी नाडी बघायला गेलो. आसन उचललं. दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या. दादा सांगायला लागला, "ही जी डावी हाय ना, लई पाणी पिते. सारखं भरावं लागतं. उजवी गुणी हाय, काही मागत नाही." वैनी मागून म्हणाल्या, "डावी म्हणजे हट्टी लेकरासारखी. सारखं पाणी पाणी." माझा दिवा उजवीवर होता.

मी याकूबभाईंकडून आम्ल तपासायची काचेची नळी घेतली. डावीत घातली. आतला तरंगा टुणकन वर आला. उजवीत घातली. तरंगा तळाशी बसला. मी पुन्हा पुन्हा बघितलं, एकेका खणात बघितलं. दुपारचं ऊन मानेवर होतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. गाडी चालते तेव्हा दोघींना भरण सारखंच मिळतं, कारण दोघी एकाच ओळीत आहेत. पण खर्च एकीचाच होत असेल तर दुसरीला नको इतकं मिळतं. ती तापते, उकळते, पाणी मागते. आणि जिच्यावरून रोज ओढलं जातं तिचं कधीच पुरतं भरत नाही. ती तक्रार करत नाही, कारण तिच्यात तक्रार करण्याइतकंही उरत नाही. हट्टी म्हणत होतो ती जास्तीचं खाऊन बसलेली होती. गुणी म्हणत होतो ती आतून संपत आली होती.

हे मला कागदावर गणित म्हणून येत होतं. अंगणात, चिंचेखाली, दादा समोर उकिडवा बसलेला असताना ते गणित राहिलं नाही. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कानशिलावरचे केस कधी पांढरे झाले ते मी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं माझं डोकं त्या दिव्याखाली होतं.

"काय झालं? असा का बघायलास?" दादानं विचारलं.

"ही तार काढावी लागेल. माझ्या दिव्याची. आणि नवे दिवेही एका बॅटरीवर लावायचे नाहीत. हीच दमलेली आहे, आणखी दोन दिवे ओढले तर महिन्यात मरेल."

"मग तू वाचणार कशावर?"

"कंदिलावर."

"काही गरज नाही." त्याचा आवाज चढला. तो माझ्यावर कधी ओरडत नसे. "तोंडावर परीक्षा, अन् कंदिलावर वाचतो म्हने. नवे दिवे दुसरीवरून घेऊ. तिला लई झालंय ना पाणी?"

"मग ती मरेल."

"मरू दे. परीक्षेनंतर बघू."

वैनी मध्ये पडल्या. "अहो, तो शिकलाय ना त्यातलं? का उगाच शिकवलं मग?" त्यावर दादानं जीपचं आसन परत जागेवर बसवलं. त्या दिवशी घरात भांड्यांचाच आवाज होता.

मला झोप नव्हती, भूक नव्हती. वाचायला बसलो की डोळ्यांपुढं तो तळाशी बसलेला तरंगा. आणि मग जे सुचलं ते इतकं साधं होतं की मी मोठ्यानं हसलो. बाराचे दोन दिवे एकाच ओळीत जोडायचे, एकातून निघालेली वीज दुसऱ्यात जाईल. बारा आणि बारा चोवीस. दोन्ही बॅटऱ्यांवर सारखाच भार. जीपला दोन दिवे होतेच. आणि घरात? घरात माझ्या टेबलावर एक होता. दुसरा हवा होता. तो चुलीपाशी लावला.

पहिल्यांदा वीज गेली त्या संध्याकाळी वैनी चुलीपाशी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "अगं बाई, भिंत इतकी काळी आहे होय!" दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चुन्यानं रंगवली. पण या जोडणीत एक अडचण होती, ती त्यांना लवकरच कळली.

"भाऊजी, माझा स्वयंपाक झाला. मी माझा घालवू का?"

"तुमचा घालवलात की माझाही जातो, वैनी."

"हे बरं काढलंत! म्हणजे तुमचं वाचून होईस्तोवर मी बसून राहायचं?"

"राहू द्या, मी बंद करतो."

"बसते हो. चिंचा फोडायच्यात तशाही." आणि त्या उजेडात चिंचा फोडत बसायच्या. मधूनच चिंचोका टोपलीत पडल्याचा टक् आवाज यायचा. माझं पान उलटायचं राहिलं की त्या विचारायच्या, "झोपलात का?"

जीपच्या दिव्यांचं काम आम्ही दोघांनी केलं. दादा टेम्पोवरून आला की आंघोळ करायचा आणि माझ्याबरोबर बंपरपाशी बसायचा. साध्या दिव्याला एकच तार लागते, परतीची वाट गाडीच्या लोखंडातूनच असते. इथं पहिल्या दिव्याला लोखंडाचा स्पर्श होऊ द्यायचा नव्हता, नाहीतर वीज दुसऱ्या दिव्यापर्यंत न जाता तिथूनच पळाली असती. आम्ही ट्यूबचे गोल तुकडे कापून त्याच्या बैठकीखाली घातले, बोल्टवर रबराची नळी चढवली. जिथं तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथंही रबर. बटणावर सगळा भार नको म्हणून मध्ये लॉरीचा रिले बसवला, बॅटरीजवळ फ्यूज. दादा प्रत्येक ठिकाणी विचारायचा, "हे का?" मी सांगायचो. "अन् हे नसतं तर?" मी तेही सांगायचो. चार वर्षांत माझ्या वर्गात कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते, मी तर नाहीच. मला पाठ होतं. त्याला कळून घ्यायचं होतं.

दिवे लागले तेव्हा याकूबभाईंच्या गॅरेजची अख्खी भिंत हळदीसारखी पिवळी झाली. याकूबभाई म्हणाले, "माशाल्ला! हळद की रसम हो गई. अब दुल्हे कू बारात ले के जाओ."

वरात निघाली ती मावळतीला. दादा चालवत होता, मी शेजारी. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्याला मिरचीचा वास नव्हता. तो मधूनच दिवे लावून बघायचा आणि बंद करायचा. उप्पलच्या पुढं रस्ता केबलसाठीच खणलेला होता. मातीच्या ढिगावरून जीप उतरली, पुढचं चाक दगडावर आदळलं आणि मला आत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. दादानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

मी उतरून बघितलं. एका बल्बमधली तार तुटली होती. एकच. पण एकाच ओळीत असल्यामुळं दोन्ही दिवे विझले होते. तसला बल्ब रानीगंजच्या मोटारसामानाच्या दुकानांशिवाय मिळणार नव्हता आणि ती दुकानं पार मागं, शहरात. साहेब मैदानात येऊन पोचले असतील.

"दादा, एक दिवा शाबूत आहे. तो एकट्या बॅटरीवर लावू. एकच लागेल, पण लागेल तरी. मधल्या जोडावरून तार घेतो, आत्ता होतं."

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "नको."

"अरे, आजच्यापुरतं!"

"आजच्यापुरतंच म्हणून तुझा दिवा लावला होता." तो शांतपणे म्हणाला. "दोन वरसं झाली. तू सांगितलंस तवा कळलं, तिचं काय झालं ते. आता परत नाही."

"एका संध्याकाळनं काही होत नाही, दादा! मी सांगतो ना, काही होत नाही!"

"आज साहेबांनी एक दिवा बघितला, तर उद्यापासून तसाच चालवावा लागंल. मग तू तिकडं पुण्याला नोकरीला, अन् मी माळावर. कोण काढणार ती तार?" त्यानं जीप चालू केली. "बस आत."

मैदानात रांगेनं जीपा उभ्या होत्या, बहुतेक आमच्यासारख्याच फौजेतून बाद झालेल्या. एकेकीचे दिवे लागत होते आणि धुळीत पांढरे, पिवळे पट्टे उमटत होते. त्या सगळ्यांचे दिवे कुठून जोडलेत ते मला न बघताही कळत होतं. आमची पाळी आली. साहेब तरुणच होते, घाईत होते.

"लाइट?"

"हैं साब. एक बल्ब रस्ते में गया. दोनो एक लाइन में हैं, एक गया तो दोनो गए. कल सुबह डाल देता."

"कल क्या करूँगा? आज देखना था." आणि ते पुढच्या गाडीकडं गेले.

शेजारच्या ड्रायव्हरनं हाक मारली, "क्या माधव भाई, दुल्हे कू सेहरा बांध को लाए, दुल्हा अंधा निकला!"

"अंधा नहीं जी," दादा म्हणाला, "तुमकू देख को आँखाँ बंद कर लिया." सगळे हसले. दादाही हसला. मी हसलो नाही. परतताना त्यानं एका हॉटेलपाशी जीप थांबवली, दोन चहा सांगितले. चहा पिताना एवढंच म्हणाला, "सोमवारी पेपर हाय ना? घरी जाऊन वाच." सोमवारी तो पुन्हा टेम्पोवर गेला.

त्या परीक्षेचे दिवस मला अजून अंगावर येतात. पेपर मला येत होते. हात लिहीत होता. पण डोकं पंख्याच्या पात्यांबरोबर फिरत होतं. या घरानं मला शिकवलं, आणि शिक्षणाचा पहिला उपयोग झाला तो असा, की दादाच्या हातचं काम गेलं. मी त्याला बरोबर सांगितलं होतं का? बरोबर असणं म्हणजे काय? बाकी सगळ्या जीपा चुकीच्या जोडणीच्या होत्या आणि त्या माळावर गेल्या. बरोबर जोडणीची एकच, ती चिंचेखाली. दुसऱ्याच दिवशी आणलेला नवा बल्ब लावून दोन्ही दिवे तयार होते आणि त्यांच्यासमोर गॅरेजची भिंत होती. पेपर देऊन परतताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायचो. काचीगुड्यावरून, रेल्वेच्या पुलावरून, पाय दुखेपर्यंत. घरी आलो की दादा शिंका घेऊन हजर असायचा आणि विचारायचा, "कसा गेला?" मी म्हणायचो, "चांगला." मला त्यानं एकदा तरी रागवावं असं वाटायचं. तो रागवला नाही. कृतज्ञतेला निदान एक भांडण हवं असतं, नाहीतर ती माणसाला जागेवर बसू देत नाही.

शेवटचा पेपर देऊन आलो तेव्हा अंगण रिकामं होतं. चिंचेखाली जीपच्या जागी तेलाचा डाग. खिडकीतून येणाऱ्या तारा लोंबकळत होत्या. वैनी दारातच उभ्या होत्या, त्यांना बातमी पोटात ठेवणं जमत नव्हतं.

"सकाळीच गेले! साहेबांचा माणूस आला होता. त्यांच्या जीपा म्हणे एकामागून एक बंद पडायल्यात. दोन तर याकूबभाईंच्याच गॅरेजात आल्या, बॅटऱ्या मेलेल्या. याकूबभाईंनी त्याला चांगलं सुनावलं. म्हणाले, जो गाडी तुम छोड को गए, वोइच एक सही थी."

"मग टेम्पो?"

"किल्ली सेठच्या गल्ल्यावर ठेवून आले." हे सांगताना त्यांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "डबा न घेताच गेले हो. द्याल का नेऊन?"

मी कपडेही बदलले नाहीत. विकाराबादच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. मनात एकच, की तिथं सगळ्या जीपांच्या तारा बदलायच्या असतील, दादा एकटा काय काय बघणार, मला लगेच कामाला लागावं लागेल. कोणती तार कुठून काढायची ते मी बसमध्येच जुळवत होतो. वैनींनी सांगितलेल्या फाट्यावर उतरलो आणि माळावरून चालत सुटलो. खडकांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. पळसाखाली तंबू होता आणि भोवती जीपा उघड्या पडलेल्या, आसनं बाहेर काढलेली.

एका जीपपाशी चार-पाच ड्रायव्हर गोळा झाले होते. त्यांच्या मधून फक्त दादाचे पाय दिसत होते. तो आत वाकून बोलत होता.

"ये बीच का तार निकालो पहले. एकीच बॅटरी से नक्को लेओ. दोनों से बराबर लेना. और ये पहला लाइट लोहे कू नहीं लगना, नीचे ट्यूब का टुकडा रखो. कायकू? लगा तो दूसरे तक बिजली जातीच नहीं. और एक बल्ब हमेशा जेब में रखना, अकल के साथ."

मी पुढं झालो. "दादा, हो बाजूला. मी करतो."

त्यानं मान वर केली. कपाळावर ग्रीसचा पट्टा होता. माझ्याकडं बघून तो हसला, पण जागचा हलला नाही. "पेपर झाला?"

"झाला."

"मग सावलीत बस जरा. हे होतंय."

मी सावलीत गेलो नाही. डबा बॉनेटवर ठेवून तिथंच उभा राहिलो, हात मोकळे. ते कुठं ठेवायचे मला सुचेना. मैदानात ज्यानं चेष्टा केली होती तोच ड्रायव्हर आता तार धरून उभा होता. त्यानं दादाला विचारलं, "माधव भाई, ये सब कहाँ सीखे तुम?"

"घर में," दादा म्हणाला. आणि मागं न बघता त्यानं पान्यासाठी हात पुढं केला.

मी पाना त्याच्या हातात दिला.